गॅरेजमधला बिडाचा तवा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या आमच्या घरमालक काकांचं नाव घेतो. आईवडिलांची क्षमा मागून घेतो. वडील उमरग्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, आई घरी शिवणकाम करायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी त्या दोघांच्या कष्टांची आहे, यात शंका नाही. पण पदवी हातात आल्यावरही मला परक्या माणसासमोर तोंड उघडता येत नव्हतं. ते काकांनी शिकवलं. तेही गॅरेजमध्ये, सुपरमार्केटमधल्या सगळ्यांत स्वस्त स्टेकच्या तुकड्यावर.

नाव घेतो म्हणालो, पण इथे लिहिता येत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी एकदा काहीतरी खरडलं होतं, तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं. "उद्या माझ्यावर लिहिलंस तर नाव घालू नकोस. मी काय खातो ते मंडळात सगळ्यांना माहीत आहे. पण छापून आलं की त्यांना माहीत असल्यासारखं वागावं लागेल. कशाला त्रास त्यांना?"

तर काका.

मी टेक्सासमधल्या विद्यापीठातून मास्टर्स करून मिशिगनला आलो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. राहायला जागा नव्हती. मंडळाच्या मेलमध्ये एक जाहिरात दिसली : 'बेसमेंट भाड्याने देणे आहे. शाकाहारी असण्याची अट नाही. बसून राहणाऱ्यांनी येऊ नये.' मला वाटलं, शेवटचं वाक्य चुकून आलं असेल. फोन केला तर पलीकडून आवाज आला, "कुठला तू?"

"उमरग्याचा."

"बरं. पुढे?"

पुढे काय सांगायचं ते मला कळेना. तेच म्हणाले, "ये, चालता चालता बोलू."

आणि खरंच चालता चालताच बोलले. उंच, काटकुळे, कानांवर लोकरी टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट. एका खिशात मोजपट्टी, दुसऱ्यात स्वयंपाकाचं थर्मामीटर. घर दाखवताना ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असे जात होते, की मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत होतो. भाडं किती, हे त्यांनी जिन्यावर सांगितलं, मी हो म्हणालो ते अंगणात. त्यांना खुर्चीत बसलेलं मी पहिले काही महिने पाहिलंच नाही. जेवायचे ते वॉशिंग मशिनवर ताट ठेवून, उभ्याने. टीव्हीवरच्या बातम्या बघायचे त्या येरझाऱ्या घालत. बातमी आवडली नाही की दुसऱ्या खोलीत जायचे आणि हवामानाला परत यायचे.

मिशिगनमध्ये लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळता येतं. काकांना सरळ जायचं असलं तरी ते उजवीकडे वळायचे. मग पुन्हा उजवीकडे, मग कुठल्यातरी गल्लीतून, कुणाच्यातरी घरामागून, पुन्हा त्याच रस्त्याला. "काका, थांबलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," मी एकदा म्हणालो.

"पोचलो असतो रे. पण थांबावं लागलं असतं."

त्यांनी आयुष्य बोल्टवर काढलं. मिरजेहून शिकायला आले आणि डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात लागले. चाकाजवळचे बोल्ट धावत्या गाडीत ढिले का पडतात, हे शोधणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही ते त्यातून सुटले नव्हते. मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्यांच्या रांगांतून फिरताना ते नकळत खुर्च्या हलवून बघायचे, आणि डगमगणारी सापडली की खिशातून पाना काढायचे. वर कुणी बसलेलं असलं तरी.

"काका, गाणं चालू आहे," एकदा एक बाई म्हणाल्या.

"चालू दे की. मी तालातच आवळतोय."

त्यांच्या घराला दोन स्वयंपाकघरं होती. एक खरं, आणि एक गॅरेजमध्ये. नोव्हायमध्ये आपल्या बऱ्याच लोकांच्या गॅरेजमध्ये एखादी शेगडी असते. मासे तळायचे, ठेच्याच्या मिरच्या भाजायच्या, तर घरभर वास नको म्हणून. पण काकांचं गॅरेज म्हणजे संपूर्ण संसार होता. त्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी कुणा सहकाऱ्याच्या घरी त्यांनी स्टेक खाल्लं. पहिल्यांदा ते बीफ आहे हे कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा कळलं होतं, तरी ते थांबले नाहीत. लग्न झाल्यावर त्यांनी काकूंना हे सरळ सांगून टाकलं. काकू सांगलीच्या, पक्क्या शाकाहारी. त्या म्हणाल्या, "खा. माझ्या ओट्यावर नाही." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडीत घालून दुकानात घेऊन गेल्या, शेगडी, फळी, पंखा, वेगळे चिमटे, वेगळा फ्रीज, सगळं स्वतः निवडून दिलं. तो बिडाचा जाडजूड तवाही काकूंनीच उचलून आणलेला. मी त्या घरात गेलो तेव्हा काकूंना जाऊन काही वर्षं झाली होती. ओटा मात्र तसाच होता. तिथे चहा, वरणभात आणि शिकरण एवढंच व्हायचं.

गॅरेजमधल्या फ्रीजची एक वेगळीच कथा. कडाक्याच्या थंडीत गॅरेज इतकं गार व्हायचं की फ्रीजला वाटायचं, आपलं काम झालं, आणि तो बंद पडायचा. मग वरच्या खणातलं गोठवलेलं मांस हळूहळू सुटायला लागायचं. यावर काकांनी फ्रीजच्या आत एक छोटा दिवा लावून ठेवला होता. दिव्याने आत किंचित ऊब यायची, फ्रीज दचकून चालू व्हायचा. म्हणजे थंड करण्यासाठी तापवायचं. हे त्यांनी मला इतक्या वेळा दाखवलं की शेवटी पाहुणे आले की मीच दाखवायला लागलो.

पहिल्या शनिवारी ते म्हणाले, "तो तुकडा फ्रीजमधून काढ आणि तयार ठेव, मी आलोच." मला वाटलं, यात काय. आमच्या घरी मटण आलं की आई काय करते ते मी जन्मभर पाहिलेलं. मी तो तुकडा नळाखाली धरून तीन-चारदा स्वच्छ धुतला. हळद लावली, मीठ लावलं, काकांच्या फ्रीजमध्ये आलं-लसणाची पेस्ट सापडली तीही चोळली. आणि मोठ्या समाधानाने उभा राहिलो.

काका आले. ताटलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"न्हाऊ घातलंस होय त्याला?"

"धुतलं, काका."

"आणि हळद लावलीस. लग्न आहे का त्याचं?"

मग त्यांनी कागदी टॉवेल घेतले आणि त्या तुकड्याला असं पुसायला लागले, जसं तापातल्या मुलाला पुसावं. पुसून झाल्यावर फळीवरचा टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. "पाणी आहे तोवर ते उकडणार. भाजणार नाही. ताप आधी पाण्याला जातो, मग मांसाला." त्या दिवशी ते तव्यावर टाकल्यावर पिवळट धूर झाला आणि बाहेरच्या रस्त्यावरून कुत्रा घेऊन चाललेल्या शेजाऱ्याने अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून विचारलं, सगळं ठीक ना? काका म्हणाले, "ठीक आहे. विद्यार्थी आहे."

स्वस्त तुकड्यांवर त्यांचा जीव होता. महागडं स्टेक कुणालाही जमतं, असं ते म्हणायचे. ते आधीच चांगलं असतं, तुम्ही फक्त ते बिघडवायचं नसतं. रिबआय नावाचा महाग भाग जिथे संपतो, तिथून पुढे चक आय सुरू होतो. "स्नायू तोच, शेजार बदलला, की किंमत उतरते." हा तुकडा रोज मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी सकाळी लवकर जायचं. नाही मिळाला तर सरलॉइन, म्हणजे कमरेकडचा भाग. काही नसेल तर किंमत उतरवल्याचं स्टिकर असलेलं जे असेल ते. आदल्या दिवशी दोन्ही बाजूंना मीठ लावून, जाळीवर, उघडं, फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ते वरून कोरडं पडलेलं असायचं, चामड्यासारखं. त्यावर त्यांचा खास आनंद.

भाजण्याची त्यांची पद्धत मंडळातल्या बार्बेक्यूवाल्यांना अजिबात मान्य नव्हती. ते सगळे सांगायचे, एकदा टाकलं की हलवायचं नाही. काका सारखं उलटायचे. टाकलं, उलटलं, पुन्हा उलटलं, काठावर उभं केलं, पुन्हा उलटलं. चिमटा हातातून खाली ठेवतच नसत. "एक बाजू तापते तेव्हा दुसरी निवते. आत ऊब सावकाश जाते, बाहेर करपत नाही. हे मी म्हणत नाही, हे थर्मामीटर म्हणतं." आणि थर्मामीटर खरंच त्यांच्या बाजूचं असायचं. पण मला वाटतं, तसं नसतं तरी त्यांनी उलटलंच असतं. उतरवल्यावर ते थोडा वेळ तसंच ठेवायचं असतं, रस आत मुरायला. तेवढा वेळ काका अंगणात जायचे. समोर थांबलो तर कापून टाकीन, म्हणायचे. हिमात घराला फेऱ्या मारून ते परत यायचे आणि मग धाग्यांच्या आडवं, पातळ पातळ कापायचे. स्वस्त तुकड्याचं सगळं त्या आडव्या सुरीत आहे, हे मला आजही पटतं.

मी बीफ खात नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं धाडस नव्हतं. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी पाहिलं, तर फळीवर दुसरा तवा आला होता, आणि दुसरा चिमटा. त्या सकाळी दुकानात ट्रॉलीत त्यांनी स्वतःच्या तुकड्याशेजारी डुकराच्या खांद्याचं स्टेक टाकलं होतं. तेही स्वस्तच, हाडासकट. "हे तुझं," एवढंच म्हणाले. आईशी फोनवर बोलताना मी ते चिकन असल्याचं सांगायचो आणि काका शेगडीशी उभे राहून मुद्दाम मोठ्याने खोकायचे.

आता खरी गोष्ट. ती शनिवारी सकाळी सुपरमार्केटमध्ये सुरू झाली.

ऑफिसात माझी अवस्था वाईट होती. काम जमत होतं, पण मीटिंगमध्ये मी भिंतीसारखा बसायचो. न कळलेलं विचारलं तर इंग्रजी चुकेल, इंग्रजी चुकलं तर ह्याला काही येत नाही असं ठरेल, असं ठरलं तर व्हिसा जाईल. एवढा सगळा प्रवास माझ्या डोक्यात एका क्षणात व्हायचा. काकांना हे कुठून कळलं माहीत नाही. बहुधा माझ्या जेवण्यावरून. त्यांनी एक नियम काढला. दर शनिवारी मांसाच्या काउंटरवर मी जायचं, आणि तिथल्या बाईंना एक प्रश्न विचारायचा. अट एकच : उत्तर आपल्याला माहीत नसलेला प्रश्न.

पहिल्या दिवशी मी रांगेत उभा राहून मनात वाक्य घोटलं आणि विचारलं, "हे ताजं आहे का?"

बाई म्हणाल्या, "अर्थात."

मी विजयी होऊन मागे वळलो. ट्रॉलीमागून काका म्हणाले, "ह्याचं उत्तर तुला माहीत होतं. 'नाही' म्हणायला तिला काय नोकरी नकोय? जा परत."

मी परत गेलो. कान गरम झाले होते. मागे एक आजोबा उभे होते, त्यांच्या मागे लहान मुलाला घेतलेली बाई. मी विचारलं, "हा तुकडा त्या तुकड्यापेक्षा गडद का आहे?" बाईंनी सांगितलं, पण त्या इतक्या भरभर बोलल्या की मला काहीच कळलं नाही. मी मान डोलावली.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"कळलं नाही."

"मग मान का हलवलीस? पुन्हा विचार. 'मला कळलं नाही' म्हण. तेवढं इंग्रजी येतं ना उमरग्याला?"

तिसऱ्यांदा गेलो. बाई हसल्या, त्यांनी दोन्ही तुकडे काचेवर ठेवले आणि सावकाश सांगितलं. मला ते वाक्य आजही आठवतं, त्यातल्या माहितीसाठी नाही, तर मागच्या आजोबांसाठी. तेही पुढे वाकून ऐकत होते. म्हणाले, "मलाही हे कधीच कळलं नव्हतं."

तो अख्खा हिवाळा मी दर शनिवारी एक प्रश्न विचारला. पुढे पुढे त्या बाई मला बघूनच म्हणायच्या, "बोल हनी, आज काय शंका?" आणि मार्चमधल्या एका मीटिंगमध्ये, आमचा मॅनेजर एक आकृती दाखवून पुढे जात असताना, माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं : मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का? मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून एकाने म्हटलं, मलाही नाही. बास, एवढंच झालं. आकाश वगैरे काही फाटलं नाही. पण घरी येऊन मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते गॅरेजमध्ये दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "पुढे?"

ते पडले त्या जानेवारीत मला त्यांच्याकडे राहायला येऊन तीनेक वर्षं झाली होती. गाडीवरचा बर्फ वितळून गॅरेजच्या फरशीवर सांडतो आणि रात्रीतून त्याची काच होते. काका सोडून हे सगळ्यांना माहीत होतं. चिमटा हातात घेऊनच ते मीठ आणायला वळले आणि घसरले. मी धावत वर आलो तेव्हा ते फरशीवर आडवे होते, मनगट विचित्र वाकलेलं.

"काका!"

"आधी त्याला उलट," ते म्हणाले. "बाजू करपेल. मग गॅस बंद कर. मग माझं बघ."

त्यांची मुलगी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून दुसऱ्या दिवशी आली. मी तिला ताई म्हणतो. तिथे त्या कसल्याशा चिपच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, बोलतात भरभर, विचार त्याहून भरभर करतात, आणि वडिलांवर त्यांचा फार जीव आहे. ताईंनी गॅरेज पाहिलं. सिलिंडर, अर्धवट शटर, शेजारी गाडी, खाली बर्फ.

"बाबा, धिस इज अ बॉम्ब. तुम्ही बॉम्बमध्ये स्वयंपाक करता."

"इतकी वर्षं फुटला नाही."

"किचन आहे ना घरात. इलेक्ट्रिक आहे, सेफ आहे. तिथे का नाही करत?"

"किचनमध्ये नाही."

"आई नाहीये आता, बाबा."

"हे सांगायला सनीव्हेलहून यायला नको होतं," काका म्हणाले.

ताईंचे डोळे भरून आले, पण त्या मागे हटल्या नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं. गॅरेज बंद. एक तर किचनमध्ये करा, नाही तर माझ्याकडे चला. हात मोडलेल्या माणसाला मी या बर्फात एकटं सोडून जाणार नाही. "हा आहे ना खाली," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. ताई म्हणाल्या, "तो भाडेकरू आहे, बाबा. उद्या त्याला दुसरीकडे जॉब मिळेल." हे खरं होतं.

त्या शनिवारी ताईंनी स्वतः बिडाचा तवा उचलून किचनमध्ये नेला. मला वाटतं तो तवा पहिल्यांदाच त्या दारातून आत गेला असेल. काका गॅरेज आणि किचनच्या मधल्या दारात उभे राहिले, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून. आत येईनात.

"उलट," ते दारातून म्हणाले.

"बाबा, आत्ताच टाकलंय. सगळे एका बाजूने नीट होऊ देतात."

"सगळ्यांना होऊ दे. तू उलट."

"मला माझ्या पद्धतीने करू द्या ना, प्लीज."

धूर झाला. अलार्म कोकलायला लागला. मी स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालत होतो, ताई खिडक्या उघडत होत्या, आणि काका दारातून शांतपणे म्हणाले, "आता काढ. बाहेरून झालंय, आतून गार आहे." कापलं तर तसंच होतं. ताई हसायला लागल्या आणि हसता हसता ओट्याला टेकून रडल्या. तिघांनी ते तसंच खाल्लं. मी माझं, त्यांनी त्यांचं. काकांचं मी कापून दिलं.

जेवण झाल्यावर काका गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. मी शेगडी पुसत होतो. मला वाटत होतं की मला सगळं समजलंय : काकूंनी मांडून दिलेला संसार, तो मोडायचा नाही, त्यांच्या ओट्याचा मान ठेवायचा. तरी मी विचारलं.

"काका, तुम्हाला इथंच का राहायचंय? काकूंसाठी?"

ते थांबले. त्यांना असं थांबलेलं क्वचितच पाहिलं होतं.

"ती असती तर मी केव्हाच गेलो असतो रे. तिला कॅलिफोर्निया आवडायचं." मग पुन्हा चालायला लागले. "ओट्याचं म्हणशील, तर तिथे बटण दाबलं की झालं. इथे शटर उघड, बर्फ काढ, फ्रीज जागा कर, तवा तापव. अख्खा शनिवार लागतो. किचनमध्ये अर्ध्या तासात उरकलं, तर मी उरलेल्या दिवसाचं करू काय? आणि तिकडे तर तेही नाही. सकाळी ताई हातात पोहे देणार. दुपारी डबा झाकून ठेवणार. संध्याकाळी जावई विचारणार, बाबा, टीव्ही लावू का? मला बसवून ठेवतील लेका. प्रेमाने बसवतील. म्हणजे उठताही येणार नाही."

"हे ताईंना सांगू?"

"सांग. उपयोग नाही."

मी सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मी काय करू, तूच सांग. त्यांना काम मिळावं म्हणून बर्फावर ठेवून जाऊ?" आजही त्यांची बाजू मला चूक वाटत नाही.

आठवड्याभरात काकांनीच ठरवलं. "पोरगी रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. तिला घाबरवत मी इथे कसले बोल्ट आवळणार?" जाताना एकच बॅग. तवा नेला नाही. ताईंच्या इमारतीत बाल्कनीत शेगडी पेटवायला बंदी आहे. घर ताईंनी मलाच भाड्याने दिलं.

सुरुवातीला ते रोज फोन करायचे. मग ताई करून त्यांच्या हातात द्यायच्या. मी काहीबाही सांगत राहायचो, ऑफिस, हवा, मंडळातली भांडणं, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचो. पलीकडून "हो, हो" यायचं. काकांना हो हो म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. मार्चअखेर ताईंचा फोन आला. आवाज खाली आणून बोलत होत्या. "दिवसभर सोफ्यावर असतात. हात बरा आहे, डॉक्टर म्हणाले ड्राइव्ह केलं तरी चालेल. किल्ली दिली, तर टेबलावर ठेवून दिली. जेवायला बोलावलं की येतात. बसतात. खातात. आय डोन्ट नो धिस मॅन. तू बोल ना काहीतरी, तुझं ऐकतात."

मी काय बोलणार? घरभर फिरत राहिलो. वर जायचं, खाली यायचं. गॅरेजचं शटर उघडायचं, बंद करायचं. फोनवर 'काका, उठा' म्हणून उठणारा तो माणूस नव्हता. कुणी उठा म्हटलं तर त्यांनी हो म्हटलं असतं आणि बसून राहिले असते. फोन स्पीकरवर लावून बाजूला ठेवता येतो. म्हणून मी कागद घेतला, आणि ताईंना विचारून, पण काकांना न विचारता, हे पत्र पाठवलं.

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

इकडचा बर्फ गेला. घर ठीक आहे. ताईंच्या इमारतीत पोहण्याच्या तलावाजवळ रहिवाशांसाठी भाजायच्या दोन शेगड्या आहेत, असं त्या म्हणाल्या. येत्या शनिवारी दुपारी त्यांतली एक तुमच्या नावावर राखून ठेवली आहे. त्यांनी राखली आहे, पण मी सांगितल्यावरून, म्हणून रागवायचं तर माझ्यावर रागवा.

कारण असं. माझ्या कॉलेजची एक मुलगी तुमच्या जवळच, सॅन होजेला, नोकरीला लागली आहे. किनवटची आहे. तिच्या घरात तिच्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही. हुशार आहे, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पण मीटिंगमध्ये एक अक्षर बोलत नाही. तिच्या मॅनेजरने तिला तसं स्पष्ट सुनावलं आहे, आणि उन्हाळ्यापर्यंत हे बदललं नाही तर नोकरी राहील असं तिला वाटत नाही. नोकरी गेली तर व्हिसा जाईल. गेले दोन आठवडे ती मला रोज फोन करते. मी तिला समजावतो. ती 'हो दादा' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प बसते. मला हे शिकवता येत नाही, काका. मी बरेच प्रकार करून पाहिले. माझं सांगणं तिला सल्ला वाटतं.

ती काय खाते, काय खात नाही, ते मी विचारलेलं नाही. तुमच्या तिथल्या दुकानात काउंटरवर कोण असतं, तेही मला माहीत नाही. तवा नवा घ्यावा लागेल. इथला पाठवला असता, पण त्याचं वजन तुम्हाला ठाऊक आहे.

तिला मी एवढंच सांगितलं आहे की शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास सनीव्हेलच्या कॅल्ट्रेन स्टेशनबाहेर उभी राहा, एक उंच काका येतील. तुमचा फोन नंबर तिला दिलेला नाही आणि पत्ताही दिलेला नाही. ती कुणाला विचारून घर शोधून काढेल, अशी मुलगी अजून नाही. तुम्ही गेला नाहीत तर ती तिथेच उभी राहील.

आपला,
बेसमेंटमधला